जिल्ह्यातली एकमेव वाचक

वाशीम जिल्ह्यात कवी किती, असं कोणी विचारलं की किन्हीराजा गावचे जानराव पटकन सांगत, "एक!" आणि हात स्वतःच्या छातीवर ठेवत. मग बाकीचे? "बाकीचे लिवतात बिचारे!"

खरं पाहता जिल्ह्यात कवींचं पीक सोयाबीनपेक्षा जोरात होतं. त्या सगळ्यांचा मिळून 'काव्यधुरा परिवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. सकाळचा चहा व्हायच्या आत तिथं कवितांचा ढीग पडलेला असायचा. रिवाज असा, की आपली कविता टाकण्याआधी वरच्या दोघा-चौघांना 'वाह, अप्रतिम!' म्हणायचं. वाचलीच पाहिजे अशी काही सक्ती नव्हती. कोणीच वाचत नसे, त्यामुळे कोणाचा कोणावर राग नव्हता.

ग्रुपचे ॲडमिन वाशीमचे गोविंदसिंग. तेच 'धुरा' नावाचा दिवाळी अंक काढायचे. त्या अंकाचं पहिलं पान म्हणजे आमच्याकडच्या कवींचं इंद्रपद! पानभर एकच कविता, ठसठशीत टाइप, भोवती वेलबुट्टी. जानरावांनी आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. शेती बरी होती, लेकी चांगल्या घरी पडल्या होत्या, गुडघे अजून कुरकुरत नव्हते. फक्त ते पान हवं होतं. आणि ते पान वर्षामागून वर्ष शिरपूर जैनच्या राजपालला मिळत होतं!

राजपालचं बी-बियाण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक युरियाची चौकशी करेपर्यंत तो कविता लिहून मोकळा व्हायचा. चार ओळींची! जानरावांची 'हे नभांगणा' एका दमात वाचायची तर मध्ये दोनदा पाणी प्यावं लागे, आणि हा चार ओळी लिहून पहिलं पान खातो? अंक आला की जानरावांच्या पोटात दुखायला लागायचं. अगदी खरोखर, मुरडा मारून. त्यांची बायको प्रयागबाई ओव्याची डबी पुढं करायची. दर दिवाळीला चिवड्यापेक्षा ओवा जास्त लागायचा त्या घरात.

यंदा तर कहर झाला. भर पोळ्याच्या दिवशी राजपालनं ग्रुपवर टाकलं, 'काल रिसोडहून एका अनोळखी वाचकाचा फोन आला. माझी कविता वाचून रडले. कवीला आणखी काय हवं!' खाली हात जोडलेले, फुलं, डोळ्यात पाणी आणलेले चेहरे यांचा सडा!

"अनोळखी वाचक!" जानरावांनी पुरणपोळीचा घास तसाच ताटात ठेवला. "मले कोनाचा फोन येते? लोन पाह्यजे काय म्हून इचारनाऱ्या पोरीचा! अन् ह्याले वाचकाचा? तेबी रडनाऱ्या?"

"ओवा देऊ काय?" प्रयागबाईनं विचारलं.

"ओवा नको! तुया फोन दे!"

"कायले?"

"अपडेट कराले लागते त्याले."

अपडेट कसलं न् काय! जानरावांच्या डोक्यात बेत शिजला होता. राजपालचा वाचक रडतो काय? माझा वाचक धाय मोकलून रडेल! आणि वाचक मिळत नसेल तर घरीच तयार करायला कोणाच्या बापाची परवानगी लागते? प्रयागबाईचा नंबर ग्रुपमध्ये कोणालाच माहीत नव्हता. कारण जानरावांनी तिला एकाही कार्यक्रमाला नेलं नव्हतं. त्यांनी फोनवर झेंडूच्या फुलाचा फोटो लावला, नाव दिलं 'रत्नमाला, वाशीम', आणि गोविंदसिंगांना कळवून ग्रुपात शिरकाव करून घेतला.

रत्नमालाताईंचा पहिलाच निरोप असा होता: 'श्री. जानराव यांची हे नभांगणा ही कविता वाचल्यापासून जेवण जात नाही. अशा कवितेला पहिलं पान मिळायला हवं, असं एका सामान्य वाचकाला वाटतं.'

गोविंदसिंगांनी लगेच स्वागत केलं. 'ताई, आपलीही एखादी रचना येऊ द्या!'

जानरावांनी सहज टाइप केलं, 'मी लिहीत नाही. फक्त वाचते.'

ग्रुप एकदम गप्प! कोणीतरी टाइप करायला घ्यायचं आणि थांबायचं. मग दुसरं. मग हळूहळू वाचा फुटली.

'लिहीत नाही म्हणजे? अजिबातच?'

'चारोळी तरी लिहीत असाल ना ताई?'

'कॉलेजात असताना?'

'कधीच नाही,' रत्नमालाताई म्हणाल्या.

आता तुम्हीच विचार करा! शेकडो माणसं भांडी विकायला बाजारात बसलीत आणि अचानक एक गिऱ्हाईक आलं, तेही रिकामी पिशवी घेऊन! अशी बाई जिल्ह्यात आहे, ती स्वतः लिहीत नाही, बदल्यात आपली वाचा म्हणत नाही, नुसतीच वाचते, हे कळल्यावर सगळे कवी तिच्यावर तुटून पडले. मानोऱ्याहून गझला आल्या. मंगरूळपीरहून एकानं आख्खं खंडकाव्य पाठवलं, सर्गासकट. कारंज्याच्या एकानं कविता रेकॉर्ड करून पाठवली, मागं त्याची म्हैस ओरडत होती. फोन इतका तापला की प्रयागबाईनं त्याला माठाशेजारी ठेवला.

"ह्या फोनले झालं काय?" ती म्हणाली. "मालेगाववरून माह्या बहिनीचा, मोतीबाईचा फोन आला तं आयकूच येत नाई. मधामधात टुंग, टुंग!"

"अपडेट होऊन राह्यला," जानराव म्हणाले.

हे अपडेट दोन-चार दिवस चाललं. मग एका सकाळी, प्रयागबाई पोळ्या करत असताना, फोन वाजला. हात कणकेचे, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"हॅलो, रत्नमालाताई काय? मी शिरपूरवरून राजपाल बोलतो."

"कोन रत्न..."

तेवढ्यात जानराव न्हाणीतून पंचावरच धावत आले आणि बायकोपुढं दोन्ही हात जोडून उभे राहिले! आख्ख्या संसारात त्यांनी असे हात जोडले नव्हते. प्रयागबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि फोनकडं वळून गोड आवाजात म्हणाली, "हो, बोला ना भौ."

"ताई, तुमी फकस्त वाचता म्हनते. एक लहानशी आयकवू काय? कोनाले आयकवली नाई अजून."

"आयकवा."

राजपालनं घसा साफ केला.

"रातपाळीची लाइन आली
विहीर जागी झाली,
माय म्हने, बाई, तुले बी
झोप नाई का आली?"

प्रयागबाईचा हात तसाच राहिला. तव्यावरची पोळी करपली. आणि खरं सांगायचं तर जानरावांच्या काळजातही काहीतरी हललं. मग ते आणखीच चिडले, कारण कविता चांगली होती! वाईट कविता माफ करता येते हो. चांगली कशी माफ करायची?

"भौ," प्रयागबाई म्हणाली, "आमची विहीर अश्शीच हाय. लाइन येते रातची, मोटर सुरू होते, अन् मंग माह्या डोयाले डोया लागत नाई. लय चांगली हाय तुमची कविता. अन् लहान हाय! पोळी टाकली अन् उलटली, तेवढ्यात संपली बी!"

पलीकडून नाक ओढल्यासारखं काहीतरी झालं आणि फोन बंद झाला.

जानराव कडाडले, "त्याची तारीफ कायले केली व तू?"

"तुमीच तं हात जोडले!"

"माया कवितेले कवा म्हनलं तू लहान हाय म्हून?"

"ते लहान असते कवा? तुमची सुरू झाली का माही कनीक भिजवून होते, पोया होतात, भांडे होतात, अन् तुमी अजून आभायातच!"

शेवटी जानरावांना सगळं सांगावंच लागलं. प्रयागबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला उचकी लागली. "म्हंजे रत्नमाला मीच काय? बरं हाय! नाव बी चांगलं हाय!"

मग असं ठरलं, की टाइप करायचं जानरावांनी आणि फोनवर बोलायचं प्रयागबाईनं. जानरावांना वाटलं, आता गाडी रुळावर आली. पण झालं भलतंच! रत्नमालाताईंनी नुसतं 'आज मन उदास आहे' लिहिलं तरी जिल्हा हळहळायचा. आणि त्याच्याच खाली जानरावांनी आपली ताजी कविता टाकली तर दोन अंगठे, त्यातला एक चुकून दाबलेला! जानराव रात्रंदिवस ग्रुप उघडून बघायचे. आता राजपाल राहिला बाजूला, त्यांना रत्नमालेचाच हेवा वाटायला लागला. बया एक ओळ लिहिते आणि लोक पागल होतात! ती ओळ आपणच लिहिली, हे त्यांना आठवायचं. पण आठवून पोटातलं दुखणं थांबत नव्हतं.

अशात गोविंदसिंगांनी घोषणा केली. यंदापासून 'धुरा'तर्फे उत्कृष्ट वाचक पुरस्कार, पहिल्या मानकरी रत्नमालाताई! अंकात ताईंचं 'मी का वाचते' हे मनोगत! आणि पहिल्या पानाची कविता ताईच निवडणार!

जानराव अंगणात अक्षरशः नाचले. गोठ्यातल्या बैलांनी माना वर करून पाहिलं. "प्रयाग! पान आपल्या घरात आलं व!"

त्यांनी मनोगत लिहायला घेतलं आणि तहानभूक विसरले. संपल्यावर स्वतःच वाचून त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. असं त्यांच्या हातून आजवर काही उतरलं नव्हतं. ते पाठवलं, सोबत निवड पाठवली: पहिलं पान, जानराव, 'हे नभांगणा'. आणि तुरीवर फवारा मारायला ते शेतात निघून गेले. गाणं म्हणत!

प्रकाशनाचा कार्यक्रम वाशीमला, रविवारी दुपारी. पुरस्कार घ्यायला रत्नमालाताई तर हव्यात! जानरावांनी बायकोला भाषण लिहून दिलं, पाठ करून घेतलं आणि बजावलं, "एसटीत मले ओयख दाखवाची नाई. कोन पाहीन, भरोसा नाई." ते पुढं बसले, ती मागं बसली. कंडक्टर रोजचाच होता. तिकिटं फाडताना त्यानं मोठ्यानं विचारलं, "काय जानराव, घरी भांडन झालं काय? वयनी मांगं बसल्या!" आख्खी एसटी हसली.

हॉलमध्ये प्रयागबाई पोहोचली आणि कवींची झुंबड उडाली. कोणी पाणी आणतंय, कोणी पंखा तिच्याकडं फिरवतंय, मंगरूळपीरचा खंडकाव्यवाला तर वाकून पायाच पडला. तिला व्यासपीठावर नेलं, मधल्या खुर्चीवर, जिच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेला असतो. त्या टॉवेलाची स्वप्नं जानराव कित्येक वर्षं पाहत होते. ते स्वतः तिसऱ्या रांगेत, जाकिटाच्या गुंड्या लावून, आपल्याच बायकोकडं बघत होते. हरकत नाही, त्यांनी मनाला समजावलं. टॉवेल तिला, पान मला!

अंकाची रिबीन सुटली. प्रती वाटल्या. जानरावांनी घाईघाईनं पहिलं पान उघडलं.

वेलबुट्टी होती. ठसठशीत टाइप होता. आणि मधोमध 'रातपाळीची लाइन आली'!

त्यांनी डोळे चोळले. पान उलटलं, अंक उलटा केला, शेवटून सुरुवात केली. 'हे नभांगणा' कुठंच नव्हती! शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रत्नमालाताईंचे सुंदर मनोगत अपेक्षेपेक्षा मोठे झाल्याने जागेअभावी श्री. जानराव यांची कविता घेता आली नाही. क्षमस्व.'

म्हणजे जानरावांची कविता जानरावांनीच खाल्ली!

त्यांनी व्यासपीठाकडं पाहिलं. प्रयागबाईनं डोळ्यांनीच खूण केली, माझ्याकडून झालं बाई! सगळा प्रकार नंतर कळला. जानराव फवारा मारत असताना गोविंदसिंगांचा फोन आला होता. 'ताई, निवड मियाली, पन एकदा मनापासून सांगा,' असं ते म्हणाले. आता मनापासून म्हटल्यावर तिनं तरी काय करावं?

मग राजपाल माईकसमोर आला. आता हा मिरवणार, जानरावांनी दातओठ आवळले. पण राजपालनं हातातला कागद घडी करून खिशात टाकला.

"आज खरं सांगतो," तो म्हणाला. "मी ग्रुपवर लिवत होतो, रिसोडवरून वाचकाचा फोन आला, अमक्याचा आला, तमक्याचा आला. सगळं खोटं होतं! मले कवाच कोनाचा फोन आला नाई. मीच फोन केला होता ताइले. अन् माही कविता आयकून कोनीतरी आपल्या घरच्या विहिरीची गोष्ट सांगतली, हे माह्या जिंदगीत पयल्यांदा झालं. त्या दिवशी मी दुकान बंद करून रडलो."

टाळ्यांनी छत हललं. जानराव मात्र खुर्चीत खचले. ज्या वाचकापायी त्यांनी एवढा खटाटोप केला, तो वाचक कधी नव्हताच! आणि आता राजपालला जो खराखुरा मिळाला, तो त्यांनीच स्वतःच्या घरातून पुरवला होता!

राजपालनं प्रयागबाईच्या खांद्यावर शाल घातली. गोविंदसिंगांनी नारळ दिला, सन्मानचिन्ह दिलं, पुष्पगुच्छ दिला, वर अंकांचा गठ्ठा दिला. बाईचे हात दोन! आणि इतक्या वर्षांची सवय ती कुठं जाणार! तिनं तिसऱ्या रांगेकडं मान वळवली आणि बाजारात हाक मारावी तशी माईकसमोरच हाक मारली:

"अहोजी! बसले काय तसेच? हे नारय धरा ना!"

सगळ्या माना जानरावांकडं वळल्या.

गोविंदसिंग चाचरत म्हणाले, "ताई... हे?"

"हे? आमचे मालक," प्रयागबाई बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली.

झालं! जानरावांनी डोळे मिटले. आता ग्रुपमधून हकालपट्टी, जिल्ह्यात छी-थू, आणि वर्तमानपत्रात आलं तर लेकींच्या सासरी काय तोंड दाखवायचं? कोणीतरी खुर्च्या सरकवत जवळ येत होतं. जानरावांनी एक डोळा उघडला. राजपाल!

"जानराव," राजपाल म्हणाला, "घरात वाचक? सोताच्या घरात?"

"अं?"

"म्हंजे लिवलं का लगेच आयकाले मानूस? चुलीजवयच? अन् तुमी आजवर सांगतलं नाई! माह्या घरी कवितेचं नाव काढलं का बायको टीव्हीचा आवाज वाढवते!"

"आमच्या इकडं तं माहेरची ब्याग भरते!" खंडकाव्यवाला मागून म्हणाला.

"अन् घरच्याची कविता बाजूले ठेवून परक्याले पान देलं!" गोविंदसिंगांचा ऊर भरून आला. "मालकाले बी फायदा होऊ नये म्हून नाव बदलून वाचत होत्या! याले म्हनतात वाचक!"

बघता बघता सगळा हॉल जानरावांभोवती जमला. नशीब काढलंत, पुण्याई लागते, कोणी काय, कोणी काय! जिल्ह्यातले तमाम कवी त्यांच्याकडं ज्या नजरेनं पाहत होते, ती नजर जानराव बरोबर ओळखत होते. आरशात रोज पाहिली होती ना! राजपालनं तर पोटावर हात दाबून धरला होता.

"काय होऊन राह्यलं भौ?" प्रयागबाईनं विचारलं. "पोटात दुखते काय?" आणि तिनं पिशवीतून ओव्याची डबी काढून त्याच्यापुढं धरली.

जानरावांच्या जन्माचं सार्थक झालं! पान गेलं तर गेलं!

परतीच्या एसटीत ते बायकोशेजारी, ऐटीत, मांडीवर नारळ घेऊन बसले. कंडक्टरला त्यांनी स्वतःहून सांगितलं, "दोन किन्हीराजा. शेजारशेजारचे!" मालेगाव मागं पडेपर्यंत त्यांना एक कविता सुचलीसुद्धा. भलीमोठी, झकास! त्यांनी फोनमध्ये ती भराभर उतरवली आणि लाडात येऊन म्हणाले, "प्रयाग, आयक ना. नवीन हाय."

प्रयागबाई चष्मा लावून आपल्या फोनवर बोट फिरवत होती. नव्या शालीची घडी मोडू नये म्हणून ती ताठ बसली होती.

"आता नाई," ती मान वर न करता म्हणाली. "लय लोक थांबले हायेत. पर्सनलवर टाका."

"अवं, मी बाजूलेच बसलो ना!"

"बाजूचे असा नाईतं मानोऱ्याचे. सगळ्याइले सारखंच."

जानरावांनी मुकाट्यानं कविता पाठवली. वीतभर अंतरावर तिच्या हातात टुंग वाजलं. आणि कवितेचं पहिलं कडवं वाचायला लागेल त्याच्या निम्म्या वेळात त्यांच्या फोनवर उत्तर येऊन पडलं:

'वाह, अप्रतिम!'

जानरावांनी ते दोन शब्द दोनदा वाचले. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "ओवा उरला काय व थोडासा?"